थोरल्या भाषेचा मान

नंदुरबारजवळच्या रनाळ्याचे रतिलाल पाटील सर आणि त्यांच्या शाळेतला संगणक हे दोघं एकाच छपराखाली सहा वर्षं गुण्यागोविंदानं नांदले, कारण त्यांची कधी गाठच पडली नव्हती. सर आठवी-नववीला भूगोल शिकवीत. संगणक प्लास्टिकच्या कव्हराखाली निजलेला असे आणि दसऱ्याला त्याला हार घालत. पण यंदा जूनमध्ये वरून पत्र आलं, की प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकानं प्रोग्रॅमिंगचं प्रशिक्षण घ्यावं. मुख्याध्यापकांनी कोण तयार आहे असं विचारल्यावर सगळ्यांनी खाली बघितलं. सरांनी पंख्याकडे बघितलं. वर बघणारा माणूस उत्सुक असतो असा मुख्याध्यापकांचा समज होता.

प्रशिक्षणाच्या शेवटी एक प्रकल्प द्यायचा होता : 'नवशिक्यांसाठी दोन संगणकभाषांतील अट-रचनांची तुलना, स्थानिक जीवनातील उदाहरणासह.' तो ज्या संकेतस्थळावर चढवायचा तिथे 'प्रकल्पाच्या भाषा, कोणत्याही दोन' असा रकाना होता आणि त्यात मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती एवढ्याच होत्या. सी नव्हती, पायथॉन नव्हती. मदतीच्या क्रमांकावर सरांनी तीन दिवस फोन लावला. चौथ्या दिवशी एका बाईंनी सांगितलं, की त्यातल्या त्यात जवळची निवडा. नंदुरबारहून सगळ्यात जवळ गुजराती पडते. सरांनी मराठी आणि गुजराती निवडल्या आणि विषय मिटवला.

शिकवणी हबीबभाईंच्या पिठाच्या चक्कीवरच्या माडीत होती. हबीबभाईंची मुलगी मदिहा धुळ्याहून संगणकाची पदवी घेऊन आली होती आणि तिथे वर्ग चालवत होती. ती सरांची जुनी विद्यार्थिनी. आठवीत तिनं नकाशात तापी पूर्वेकडे वाहवली म्हणून सरांनी तिला तासभर उभं केलं होतं. आता सर बाकावर होते आणि ती उभी होती, म्हणजे तसं पाहिलं तर काहीच बदललं नव्हतं. तरी सरांना ते बरं वाटेना. खाली चक्की सुरू झाली की तिचं निम्मं बोलणं ऐकू येत नसे, आणि जे ऐकू आलं नाही ते पुन्हा विचारणं पंचवीस वर्षांच्या नोकरीला शोभत नसे. सर मान हलवीत. 'स्विच' नावाचा धडा झाला त्या दिवशी खाली तीन लग्नघरांचं दळण होतं. सरांनी त्या तासाला सर्वांत जास्त मान हलवली.

बाकी विषय त्यांना आवडला. जर अमुक असेल तर हे कर, नाहीतर ते कर, एवढ्यावरच सगळं शास्त्र उभं आहे हे कळल्यावर त्यांना वाटलं, की हे आपल्या भाऊबंदकीत लहानपणापासून चालू आहे, फक्त वीज लागत नाही. दोन्ही भाषांत अट 'इफ'नंच सुरू होते. सी ही बांध घालणारी भाषा. अटीला कंस, कामाला महिरपी कंस, प्रत्येक ओळीला अर्धविराम; माझं शेत इथून इथपर्यंत, मोजून घ्या. पायथॉनला बांध लागत नाही. ओळ चार जागा आत सरकून बसली की ती त्या अटीची, हे ती समजून घेते. ओसरीवर कोण किती आत बसलंय त्यावरून घरचा कोण नि पाहुणा कोण हे कळतं, तसंच. सरांनी हे वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

स्थानिक उदाहरण मात्र सुचत नव्हतं. ते धनुआत्याच्या मनगटानं सुचवलं.

यंदा पाटलांच्या कुळाची देवी कानबाई सरांच्या घरी बसायची होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात गावोगाव कानबाई बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते, आणि तिचे रोट म्हणजे पुरणाचा नैवेद्य भाऊबंद मिळून खातात. कुळागणिक नेम वेगळे. सरांच्या कुळाचे नेम कडक होते. रोटाचा गहू कुळातल्या पुरुषांच्या संख्येवर, मुठींनी मोजायचा : कर्त्या पुरुषाच्या पाच मुठी, लग्न झालेल्या पण वेगळी चूल नसलेल्याच्या तीन, बिनलग्नाच्या पोराच्या दोन, पाळण्यातल्याची एक. गावात असो की सुरतेला, त्याची मूठ पडायचीच. जेवढं पीठ होईल ते कुळातच संपलं पाहिजे. परक्याला द्यायचं नाही, गुराला घालायचं नाही, सासरी गेलेल्या लेकीला नाही, कारण ती आता दुसऱ्या कुळाची. आणि पौर्णिमेचा चंद्र त्या पिठाला दिसता कामा नये. उरलं तर खड्डा करून पुरायचं. अशी वेळ या कुळावर कधीच आली नव्हती, आणि पहिल्यांदा आपल्या घरी कानबाई येताना तरी ती येऊ नये, एवढीच सरांची आणि त्यांच्या पत्नी शोभाबाईंची इच्छा होती. पीठ पुरलेलं घर म्हणून नाव पडलं की नातवाच्या लग्नातही ते निघतं.

हा गहू इतकी वर्षं धनुआत्या मोजत आली होती. धनुआत्या सरांची सख्खी आत्या, वय पंच्याहत्तर, कुळाचे सगळे नेम तिच्या डोक्यात. यंदा ती ओट्यावरून घसरली आणि उजव्या हाताला प्लास्टर बसलं. सर म्हणाले, आत्या, काळजी करू नकोस, हिशेब मशीन करेल. आत्यानं मशीन कानबाईला आंघोळ करून शिवणार का एवढंच विचारलं.

सरांनी कुळाची यादी संगणकात घातली : चौदा कर्ते, नऊ लग्नाचे, सतरा बिनलग्नाचे, तीन पाळण्यातले. आधी सीमध्ये साध्या इफनं करून पाहिलं तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जण कर्ते निघाले, चुलतभाऊ लोटनचा दोन महिन्यांचा नातू धरून. झालं असं, की सीमध्ये 'बरोबर आहे का' असं विचारायचं तर बरोबरचं चिन्ह दोनदा काढावं लागतं. एकदाच काढलं तर ती विचारत नाही, ठरवूनच टाकते. सरांनी एकदाच काढलं होतं. तीच चूक पायथॉनमध्ये केली तर ती कामच करत नाही, लाल अक्षरांत रुसून बसते. सरांनी वहीत लिहिलं : 'पायथॉन चुकीचं ऐकून घेत नाही. सी ऐकून घेते आणि मग दाखवते.' हे वाक्य लिहिताना आपण किती पुढचं बोलत आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

मग त्यांनी पायथॉनमध्ये इफ, एलिफ, एलिफ असं नीट लिहिलं, आणि तुलना शोभून दिसावी म्हणून सीमध्ये स्विच वापरलं, चार प्रकारांना चार केस. दोन्ही प्रोग्रॅम न रुसता चालले. पायथॉननं उत्तर दिलं एकशे चौतीस मुठी. सीनं दिलं दोनशे बासष्ट.

चक्कीवरच्या माडीत जाऊन मदिहाला विचारणं हा सरळ मार्ग होता. पण तापी उलटी वाहवलेल्या मुलीला आपल्या घरच्या गव्हाचा हिशेब विचारायचा, हे सरांना जमेना. त्यांनी प्रश्न भाऊबंदांसमोर ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी ओसरीवर अकरा पुरुष बसले, दोन आकडे पाटीवर लिहिले गेले, चहा झाला. या दोन भाषा कोणत्या कुळातल्या, इथपासून चौकशी झाली. शेवटी लोटननं मुद्द्याचं विचारलं, की दोघींत मोठी कोण. लोटन सरांहून चार वर्षांनी थोरला, तरुणपणी कुस्त्या खेळलेला, आणि कुळात शेवटचा शब्द त्याचा. सर म्हणाले, सी बहात्तर सालची, पायथॉन तिच्यामागून एकोणीस वर्षांनी आली.

"मंग थोरली बसेल व्हताना धाकटीना आकडा कसाले धरतस?" लोटन म्हणाला.

थोरलीला डावलायची रीत कुळात नव्हती. कोणाच्याच घरात नव्हती. शिवाय रोट कमी पडणं हे उरण्याइतकंच वाईट, असंही दोघा-तिघांनी सांगितलं. सर भूगोलाचे पदवीधर असल्यामुळे त्यांना क्षणभर शंका आली, पण अकरा जणांच्या माना हलत होत्या आणि मान हलवण्याची त्यांना आता सवय झाली होती. थोरल्या भाषेचा मान राखायचं ठरलं. दोनशे बासष्ट.

राहिली मूठ. धनुआत्याची मूठ चिमणीएवढी, आणि तिचा हात प्लास्टरात. तेव्हा कुळातल्या थोरल्याची मूठ धरावी असं ठरलं. लोटननं गव्हाच्या पोत्यात हात घातला तेव्हा शोभाबाईंनी डोळे मिटले. दरवर्षी दहा किलोच्या आत असणारा गहू यंदा एकोणचाळीस किलो भरला. सरांनी याबद्दल नापसंती दाखवली.

"मन्ही मूठ मोठी शे, तेन्हामा मन्हा काय दोष?" लोटन म्हणाला, आणि त्याचा नव्हताच.

शनिवारी सकाळी हबीबभाईंनी नेहमीप्रमाणे चक्की झाडून, धुऊन, पुसून ठेवली होती. कानबाईचं दळण असलं की त्या दिवशी आधी दुसरं काही दळत नसत. त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. दरवर्षी एक डबा यायचा. यंदा हातगाडी आली. हबीबभाईंनी गाडीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि कुळ वाढलं की काय असं अदबीनं विचारलं. सर म्हणाले, हिशेबच तसा निघाला. हबीबभाईंनी चक्कीचा पट्टा चढवला. दुसऱ्याच्या देवाच्या हिशेबात बोलू नये हेही त्यांच्या वडिलांपासूनचं होतं.

रविवार मात्र देखणा झाला. सुरतेची, पुण्याची, नाशिकची माणसं आली. कानबाईला नथ घातली, फुलोरा बांधला, रात्रभर गाणी झाली. पुरण, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळ्यांनी कौतुक करून खाल्लं. सोमवारी मिरवत नदीवर जाऊन आले, पुन्हा जेवले, आणि दुपारच्या गाडीनं सुरत, पुणे, नाशिक निघून गेलं. गावात उरली अठरा माणसं आणि अठ्ठावीस किलो पीठ. पौर्णिमा शनिवारी.

मंगळवारी सकाळी न्याहारीला रोट होते. दुपारी रोट, संध्याकाळी रोट. बुधवारी पुन्हा तेच. आठ जणांना साखरेचा आजार होता. त्यांनी गोळ्या दुप्पट केल्या आणि देवीवर भरवसा ठेवला. लोटननं चूक माझ्या मुठीची असेल तर पोटही माझंच असं म्हणून एका बैठकीत अकरा रोट खाल्ले आणि बुधवारपासून तो खाटेवर होता. बाकीच्यांना अचानक कामं निघाली. एका चुलत्यानं सारंगखेड्याला घोडे बघायला जातो म्हणून सांगितलं. घोड्यांचा बाजार मार्गशीर्षात भरतो आणि हा श्रावण होता, पण त्याला अडवायला कोणाच्या अंगात ताकद नव्हती. सरांनी शाळेत डबा नेला. डबा उघडल्यावर पुरणाचा वास स्टाफरूमभर गेला, मुख्याध्यापकांनी हात पुढे केला, आणि सरांनी डबा मागे ओढला. कुळाचा नेम त्यांनी समजावून सांगितला, पण पुरणपोळी मागे ओढून घेणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? त्या दिवशी सरांना तीन बदली तास लागले.

शेजाऱ्यांना वाटा मिळत नव्हता, म्हणून त्यांनी सल्ले दिले. एकानं पीठ रात्री गुपचूप पुरावं म्हटलं, दुसऱ्यानं दिवसा पुरलं तर निदान लोकांना कळेल तरी. समोरच्या काकूंनी आपल्या माहेरी असं एकदा झालं होतं असं सांगितलं. मग पुढे काय झालं, असं शोभाबाईंनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, की काय व्हायचं, त्या घराला अजून तेच म्हणतात. शोभाबाई आत गेल्या आणि सरांशी दोन दिवस फक्त 'वाढू का' एवढंच बोलल्या.

प्रकल्पाची मुदतही बुधवारचीच होती. फाईल दोनशे केबीपेक्षा मोठी चालत नव्हती आणि सरांची मुख्याध्यापकांच्या शिक्क्यासकट दोनशे चार होती. ती कमी करून घ्यायला अखेर ते माडीवर गेले. हबीबभाईंनी मदिहाला हातगाडीचं सांगितलंच होतं. तिनं फाईल कमी करता करता प्रोग्रॅम वाचला, थांबली, पुन्हा वाचला.

"सर, ब्रेक नाही टाकला."

सरांनी मान हलवली. मग पहिल्यांदाच म्हणाले, "मला कळलं नाही. पुन्हा सांग."

मदिहानं खाली जाऊन चक्की बंद करायला लावली आणि वर येऊन सांगितलं. पायथॉनची इफ-एलिफ ज्या अटीशी जुळली तिथलंच काम करते आणि बाहेर पडते. सीचं स्विच तसं नाही. ते योग्य केसपाशी दार उघडतं, पण प्रत्येक केसच्या शेवटी 'ब्रेक' म्हणून थांबवलं नाही, तर खालच्या सगळ्या केस ओलांडत शेवटपर्यंत जातं. कर्त्याच्या पाच मुठी टाकल्या, मग लग्नाच्याच्या तीन, बिनलग्नाच्या दोन आणि पाळण्यातल्याची एक. सगळ्या त्याच्याच नावावर. पाच मुठींचा माणूस अकरा मुठींचा झाला. आग्रहाचा वाढपी असतो ना सर, ती म्हणाली, पानावर हात आडवा धरेपर्यंत थांबत नाही, तसं.

म्हणजे थोरली चुकली नव्हती. तिला कोणी पुरे म्हटलं नव्हतं. सरांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, मुदत संपायला सात मिनिटं असताना प्रकल्प चढवला आणि लोटनच्या घरी जाऊन खाटेशी उभं राहून चूक कबूल केली. लोटननं डोळे न उघडता माफ केलं. (महिन्याभरानं प्रकल्प परत आला. शेरा होता : 'तुलना समाधानकारक. उदाहरण काल्पनिक वाटते, प्रत्यक्ष जीवनातील द्यावे.')

शनिवार उजाडला तेव्हा बारा किलो पीठ उरलं होतं आणि चावण्याची शक्ती कोणातच उरली नव्हती. त्या दिवशी राखीही होती. भावांना राख्या बांधायला कुळातल्या लेकी दोंडाईच्याहून, शहाद्याहून, नवापूरहून यायला लागल्या. दुपारपर्यंत सत्तावीस जणी झाल्या, पोरांसकट. त्यांना रोट चालत नव्हते, म्हणून शोभाबाईंनी वेगळा स्वयंपाक मांडला आणि त्या एका चुलीवर रडवेल्या झाल्या. परसात लोटन, कसाबसा उठून, कुदळीनं खड्डा खणत होता. सर शेजारी उभे होते. आपलं नाव आता काय पडणार हे त्यांना दिसत होतं, आणि ते पाटीवरच्या आकड्यांपेक्षा स्पष्ट होतं.

धनुआत्या प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून परसात आली. तिनं खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि सरांना विचारलं, "तुन्ही मशीनमा लेकी कोठे शेत?"

सर म्हणाले, नाहीत. चार अटी पुरुषांच्या. शेवटी एक 'एल्स' असतं, म्हणजे यातलं काहीच लागू नसेल तर काय करायचं ते; ते रिकामं सोडलंय, कारण तिथपर्यंत आजवर कोणी गेलंच नाही.

आत्यानं मागे वळून घरात जमलेल्या लेकींकडे पाहिलं. मग लोटनला म्हणाली, "खड्डा बुजी टाक. कुळमा सरनं नही, ते लेकीस्नी खावानं, असा नेम शे."

लोटनची कुदळ थांबली. असा नेम त्यानं कधी ऐकला नव्हता. कोणीच ऐकला नव्हता. त्यानं तसं सांगितलं.

"पीठ कधी उरनंच नही," आत्या म्हणाली, "मंग सांगानी येळच उनी नही. माले मन्ही आजीनी सांगेल शे. इचारनं व्हई ते तिले इचार."

आजी जाऊन साठ वर्षं झाली होती. लोटननं खड्डा बुजवला.

पुढचं सगळं शोभाबाईंनी सांगावं, कारण सर नुसते बघत होते. सत्तावीस लेकींनी राख्यांची ताटं बाजूला ठेवली, पदर खोचले आणि चुलीचा ताबा घेतला. कोणी वीस वर्षांनी, कोणी तीस वर्षांनी माहेरचा रोट हातात धरत होती. पहिला रोट सगळ्यांनी खाली मान घालून संपवला. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या, आणि कोण लहानपणी किती खायची यावरून भांडायलाही लागल्या. लोटन गच्चीवर चढून पूर्वेला चंद्र बघत होता आणि दर पाच मिनिटांनी ढग आहेत, ढग आहेत असं खाली ओरडत होता. बारा किलो पीठ पुरणार नाही असं सहाच्या सुमाराला दिसू लागलं. दोंडाईच्याची लेक यंदा एवढंच का केलं म्हणून शोभाबाईंवर रागावली. शोभाबाई चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

शेवटचा रोट तव्यावरून उतरला तेव्हा तो कोणाचा हे कोणी ठरवलं नव्हतं. शोभाबाईंनी तो ताटलीत घातला, वर तूप सोडलं आणि धनुआत्यापुढे ठेवला. तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं. सतराव्या वर्षी आत्याचं लग्न झालं, एकोणिसाव्या वर्षी ती पांढऱ्या कपाळानं परत आली, आणि तेव्हापासून या कुळाचा गहू तिच्या मुठीनं मोजला जात होता. छप्पन्न वर्षं. आणि कुळाच्या हिशेबात ती सासरी गेलेली लेक होती.

आत्यानं डाव्या हातानं तुकडा मोडला. सरांना काहीतरी बोलणं भाग वाटलं. ते म्हणाले, आत्या, चूक सापडलीय. एक शब्द टाकायचा राहिला होता. तो टाकला की पुढच्या वर्षी हिशेब चोख निघेल.

"चोख म्हनजे? उराव नही?"

"एक मूठसुद्धा नाही."

आत्या सावकाश चावत राहिली. गच्चीवरून लोटननं ढग फाटायला लागल्याची वर्दी दिली. तिनं शेवटचा तुकडा तुपात फिरवला, तोंडात टाकला आणि ताटली पुसून शोभाबाईंकडे दिली.

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तो शबद टाकू नको."